प्रथमावृत्ती : गुढीपाडवा, २५ मार्च २०२०

प्रति,
मा. संचालक, ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई

मिरज, ऑगस्ट २०२२

विषय : २०२० व २०२१ या वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेल्या मराठी पुस्तकांचा ग्रंथनिवड व ग्रंथालय-खरेदीसाठी एकवार फेरविचार होण्याबाबत.

महोदय,

माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या आतल्या पानावर, जिथे मुद्रक-प्रकाशकांची नावे असतात तिथे, "प्रथमावृत्ती : गुढीपाडवा, २५ मार्च २०२०" अशी ओळ छापलेली आहे. ती जुळवली गेली तेव्हा फेब्रुवारी चालू होता, मुहूर्त चांगला होता, आणि पाडव्याच्या संध्याकाळी सांगलीत एका लहानशा सभागृहात प्रकाशन करायचे, चाळीसएक माणसे जमली तरी पुष्कळ झाली, असे आमचे ठरले होते. पण २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागली आणि त्या पाडव्याला कडुनिंबाचा डहाळा आणायला बाहेर पडणेही अवघड होऊन बसले. पुस्तकाच्या दुकानाचे नावच नको. माझ्या पुस्तकाच्या ७०० प्रतींचे छापील फर्मे पुण्यातल्या एका बाइंडरच्या कारखान्यात घडी करून ठेवलेले होते, शिवण तेवढी बाकी होती, आणि शिवणारी माणसे आपापल्या गावी निघून गेली होती. पावसाळा त्या फर्म्यांनी तिथेच काढला. पहिली बांधलेली प्रत माझ्या हातात आली ती नोव्हेंबरात, दिवाळीच्या चार दिवस आधी. तळाच्या थप्पीला ओल लागल्यामुळे काही फर्मे बाद करावे लागले आणि ७०० च्या ६१२ प्रती निघाल्या. तारखेची ती ओळ मात्र बदलता आली नाही, कारण ते पान मार्चमध्येच छापून झाले होते.

हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. ग्रंथनिवडीचा काय किंवा पुरस्कारांचा काय, हिशेब प्रथम प्रकाशनाच्या वर्षावर चालतो, आणि १ जानेवारी ते ३१ डिसेंबर ही चौकट एरवी योग्यच आहे. आपल्याकडून काही चूक झाली असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या दोन वर्षांत जी पुस्तके कागदोपत्री प्रसिद्ध झाली आणि वाचकापर्यंत मात्र पोचली नाहीत, त्यांचे वर्ष ती थप्पीत पडलेली असतानाच उलटून गेले. त्यांना एकदाच, अपवाद म्हणून, पुन्हा नवी मानावे, एवढी माझी विनंती आहे. ती समजावून सांगायची तर मला थोडे घरातले आणि थोडे कामातले बोलावे लागेल. कादंबरीकाराचे काम घरातच चालते, त्यामुळे या दोहोंची सरमिसळ झाली तर क्षमा असावी.

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात मला निदान वीस जणांनी तरी सांगितले की तुमचे बरे आहे, लिहायला आता वेळच वेळ. म्हणणाऱ्यांच्या मनात वावगे काही नव्हते. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही, आणि महाविद्यालयच बंद झाल्यावर तासांचा प्रश्न आपोआप मिटला. माझे यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत आहेत. त्यांचा पगार एप्रिलपासून निम्म्यावर आला. घरात दोन मुले, त्यांचे वर्ग मोबाइलवर, आणि धड चालणारा मोबाइल एकच, तो माझा. म्हणजे ज्या यंत्रावर मी टिपणे काढत असे, प्रकाशकांशी बोलत असे आणि जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे साठवत असे, ते सकाळी आठ ते दुपारी दोन इयत्ता नववी आणि इयत्ता सहावी यांच्या ताब्यात गेले. सासूबाई ७८ वर्षांच्या. स्वयंपाकघरातला दिवा लागला की त्यांना जाग येई आणि त्या चहाचे विचारत, म्हणून मी पहाटे साडेचारला गच्चीच्या जिन्यावर, सर्वांत वरच्या पायरीवर बसून लिहीत असे. साडेसहाला दूधवाला आला की दुकान बंद. शहरातल्या ज्या लेखकांना खरोखरच निवांतपणा मिळाला असेल त्यांचा मी हेवा करीत नाही. पण "महामारीने लेखकांना वेळ दिला" हे वाक्य आता सभा-संमेलनांत सर्रास ऐकू येते, आणि ते ऐकले की मला जिन्यावरचा डासांचा उपद्रव आठवतो.

पैशांचे रडगाणे गाण्यासाठीही हे पत्र नाही. ७०० प्रतींची आवृत्ती, ३०० रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन असे धरले तर सगळी आवृत्ती खपल्यावर लेखकाच्या हाती २१,००० रुपये येतात, आणि ती खपायला चांगल्या काळातही तीन-चार वर्षे जातात. त्यावर कुणाचे घर चालत नाही, तेव्हा ते बुडाले असेही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने एकल कलावंतांना एकरकमी ५,००० रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरवले, ते रास्तच होते. ज्यांचे फड आणि जागरण-गोंधळ बंद पडले त्यांची चूल विझली होती. लेखकांनाही तसे काही द्यावे, अशी मागणी मी तेव्हा केली नाही आणि आजही करीत नाही. मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण ती पहिल्या पुस्तकापुरती, आणि तिसऱ्या पुस्तकानंतर स्वतःला नवलेखक म्हणवून घेण्याइतकी मी धीट नाही.

माझे नुकसान झाले ते वाटेत. कादंबरी लिहून झाली की ती वाचकाकडे आपोआप चालत जात नाही. अक्षरजुळणी करणारे, मुद्रितशोधक, मुद्रक, बाइंडर, वितरक, तालुक्याच्या गावी पेट्या नेऊन प्रदर्शन मांडणारा विक्रेता आणि सर्वांत शेवटी ग्रंथपाल, एवढ्या हातांतून ती जाते. त्या काळात हे सगळे हात एकदमच रिकामे झाले. केंद्रीय गृहमंत्रालयाने २१ एप्रिल २०२० रोजी काही दुकानांना सूट दिली, तीत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक पुस्तकांची दुकाने होती आणि विजेच्या पंख्यांची होती. उन्हाळा होता, पंखे हवेतच. पाठ्यपुस्तके तर हवीतच. कादंबरी, कविता, चरित्र यांना मात्र दोहोंपैकी कुठल्याच दुकानात जागा नव्हती. पुस्तके अत्यावश्यक वस्तूंत धरावीत अशी मागणी मराठी प्रकाशकांनी केली होती, आणि तिची थोडी थट्टाही झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये "ब्रेक द चेन"चे निर्बंध आले तेव्हा पुस्तकांच्या दुकानांचे पत्रे पुन्हा खाली ओढले गेले.

माझ्या आधीच्या कादंबऱ्यांची अक्षरजुळणी ज्यांनी केली ते गृहस्थ २०२० च्या जूनमध्ये भाजीचा गाडा लावून बसले. त्यांचे घर लग्नपत्रिकांवर आणि हँडबिलांवर चालत होते, कादंबऱ्यांवर नव्हे. लग्ने पन्नास माणसांत उरकू लागल्यावर पत्रिका कोण छापणार? एकदा त्यांच्याकडून मिरच्या घेतल्या, त्या ज्या कागदात बांधून मिळाल्या तो माझ्याच कादंबरीच्या कच्च्या खर्ड्याचा होता, पहिल्या वाचनाच्या लाल खुणांसकट. ते ओशाळले. मी पुडी सोडून मिरच्या पिशवीत टाकल्या आणि कागद त्यांना परत दिला, कारण कागदाला तेव्हा भाव आला होता. आता ते एका शोरूममध्ये हिशेब लिहितात. मराठीतले जोडाक्षर कुठे तोडू नये हे ठाऊक असलेला एक माणूस आमच्या धंद्यातून गेला, आणि त्याची नोंद कुठल्याही आकडेवारीत होणार नाही.

दिवाळी अंकांचेही थोडक्यात सांगते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा हमखास वाचक मिळत आला आहे, आणि कित्येक कादंबऱ्यांचा पहिला अवतार त्या पानांत झालेला आहे. २०२० मध्ये जाहिराती आटल्या, अंक रोडावले, काही निघालेच नाहीत. माझ्याकडून जूनमध्ये मागवलेली चाळीस पानांची लघुकादंबरी सप्टेंबरात दिलगिरीच्या दोन ओळींसह परत आली. संपादकांचा इलाज नव्हता.

वाचक नव्हते असे मात्र मुळीच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये धुळ्याच्या माझ्या आतेबहिणीने मला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिले, "वाचून बघ, बरी आहे, मिरजेकडचीच आहे कुणीतरी." ती माझी दुसरी कादंबरी होती. तिच्यावरचे माझे नाव बहिणीने पाहिले नव्हते, कारण मुखपृष्ठ कुणी स्कॅन केलेच नव्हते. एकेक पान मोबाइलने टिपलेले, बऱ्याच पानांच्या कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला, आणि पान १७ वर एका सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांकासह. हे बेकायदा आहे हे मला समजते, आणि प्रकाशकांनी त्याविरुद्ध केलेल्या तक्रारींशी मी सहमत आहे. तरीही तो शिक्का पाहून मला राग येण्याऐवजी दुसरेच काही झाले. ग्रंथालये बंद होती, पण कुणीतरी टाळेबंदीपूर्वी घरी नेलेली ग्रंथालयाची प्रत गावोगाव फिरत होती. ज्या पुस्तकाची प्रत कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात होती ते पुस्तक त्या काळातही वाचले गेले, चोरून का होईना. जे पुस्तक ग्रंथालयात पोचलेच नव्हते त्याला चोरही मिळाला नाही. माझी तिसरी कादंबरी त्या दुसऱ्या वर्गातली.

आता चौथीविषयी. ती मिरजेतल्या प्लेगची आहे आणि मी ती २०१८ पासून लिहीत होते. म्हणजे करोनावरून सुचलेली नाही, हे मला हल्ली प्रत्येकाला सांगावे लागते. मुंबईत १८९६ मध्ये शिरलेला प्लेग पुढे कित्येक वर्षे दख्खनभर फिरत राहिला. घरात उंदीर पडू लागले की लोक भांडीकुंडी बांधून गावाबाहेर झोपड्या घालून राहत. आमच्याकडे सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून हा तंतुवाद्यांचा धंदा उभा राहिला. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगाने आजारी होऊन मिरजेला आले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, ही हकीकत मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. अशा एका वाद्ये करणाऱ्या घराची ही कादंबरी. मार्च २०२० पर्यंत ३४० पानांचा खर्डा तयार होता, आणि त्यातली ऐंशीएक पाने प्रत्यक्ष साथीची होती.

ती ऐंशी पाने खोटी होती. त्यांत आकांत होता, रात्री-अपरात्री निघणाऱ्या तिरड्या होत्या, बायका ऊर बडवीत होत्या. वाचून-वाचून रचलेला प्लेग होता तो. सप्टेंबर २०२० मध्ये सासूबाईंना ताप आला आणि तपासणीत आजार निघाला. मिरज-सांगलीत तेव्हा खाट मिळणे मुश्कील होते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना घरीच ठेवले आणि दर तीन तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहून ठेवायचा असे ठरले. हाताशी जो कागद होता तो खर्ड्याचा होता, अकरावे प्रकरण. त्याच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी लिहीत गेले. सकाळी ६ : ९४. ९ : ९५. दुपारी १२ : ९२, पालथे झोपवले. ३ : ९४. संध्याकाळी ६ : ९३, अर्धी वाटी पेज. असे चौदा दिवस. सासूबाई बऱ्या झाल्या, आता त्या पहिल्यासारख्याच चहाचे विचारतात. ऑक्टोबरात मी ती पाने पुन्हा हातात घेतली, आधी एका बाजूने वाचली, मग उलटून दुसऱ्या बाजूने, आणि भीती सगळी मागच्या बाजूला आहे, पुढच्या बाजूला तिचा मागमूसही नाही, हे मला मान्य करावे लागले. साथीच्या घरात कुणी ओरडत नाही. माणसे मोजत राहतात, दाराच्या फटीतून शेजारच्या घराकडे बघतात, आणि डाळ किती दिवस पुरेल याचा अंदाज घेतात.

ऐंशीपैकी एकसष्ट पाने मी काढून टाकली. त्यांच्या जागी एक म्हातारी आली. ती गावाबाहेरच्या झोपडीच्या तोंडाशी बसून असते आणि गावातून येणाऱ्या प्रत्येकाला आज किती उंदीर पडले एवढेच विचारते, आणि जो आकडा येईल तितक्या रेघा कोळशाने खांबावर ओढते. आणखीही गोष्टी बदलल्या. मुंबईच्या प्लेगात राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर "यूएचएच" ही इंग्रजी अक्षरे रंगवत, हे मी टिपणवहीत कधीचे उतरवून ठेवले होते. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याच राज्यात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले तेव्हा भिंतीवरची ती अक्षरे मला पहिल्यांदा दिसली. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्यावर मी तीन पाने टिपणे काढली होती तोच १३ मार्च २०२० रोजी राज्यात लागू झाल्याची बातमी ऐकली आणि मी संशोधनाची वही काही दिवस मिटून ठेवली. कारागिरांच्या गल्लीत मला बसायचे होते, जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवताना, माणूस श्वास कसा धरतो ते बघायचे होते. तिथेही दारे बंद होती, मैफली नाहीत म्हणून मागणी नव्हती. एका वृद्ध कारागिरांनी फोनवर तासभर जे सांगितले त्यावर मी ते प्रकरण लिहिले. वाद्याचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. शासनाने जुनी गॅझेटिअरे आणि विश्वकोश महाजालावर ठेवला आहे, त्याचा या काळात मला फार आधार झाला आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण प्लेगच्या काळातली स्थानिक वर्तमानपत्रे आणि वार्षिक अहवाल ग्रंथालयांच्या कपाटांत होते, आणि मार्चच्या मध्यापासून १५ ऑक्टोबरला परवानगी मिळेपर्यंत ती कपाटे उघडली नाहीत. कादंबरीत एक नगरपालिकेची सभा आहे, ती त्यामुळे दीड पानांतच आटोपली आहे. जाणकारांच्या ते लक्षात येईल.

या पुस्तकाची मुद्रिते २०२१ च्या एप्रिलमध्ये तयार झाली. ती तपासत होते ते मुद्रितशोधक सत्तरीचे होते, आयुष्यभर छापखान्यात काढलेले, आणि अजूनही कागदावरच, हिरव्या शाईने, समासात खुणा करणारे. पान १७६ पर्यंत त्यांच्या खुणा आहेत. पान १७७ वर "पुन्हा पाहणे" असे लिहून एका शब्दाखाली रेघ मारलेली आहे, आणि पुढे काही नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलाने मुद्रितांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर सॅनिटायझर फवारून, माझ्या दाराशी ठेवला आणि तो जिन्यावरूनच परत फिरला. उरलेली पाने मीच तपासली, म्हणजे तपासली नाहीत असेच समजावे. स्वतःचा मजकूर स्वतःला दिसत नाही. पुस्तक डिसेंबरात निघाले, ३०० प्रती, मागणीनुसार पुन्हा छापू या बोलीवर. आजवर सात वाचकांनी मला चुकांची पत्रे पाठवली आहेत आणि त्या सगळ्या चुका पान १७७ नंतरच्या आहेत.

महोदय, तिसऱ्या कादंबरीकडे परत येते. ती लोकांनी प्रथम हाताळली ती नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनात. ते संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचे होते, ते ३ ते ५ डिसेंबरला झाले. म्हणजे छापलेल्या पाडव्यानंतर वीस महिन्यांनी. मी विक्रेत्याच्या गाळ्यावर एका स्टुलावर बसले होते. एका गृहस्थांनी पुस्तक उचलले, मलपृष्ठ वाचले, मधले एक पान बऱ्यापैकी लक्ष देऊन वाचले, आणि मग आतले पान उघडून म्हणाले, "दोन हजार वीसची आहे होय? नवीन काय आलंय?" ते काही चुकीचे वागले नाहीत. पुढे आमच्या तालुक्यातल्या एका ग्रंथालयाच्या खरेदी समितीतल्या सद्गृहस्थांनीही मला हेच, अधिक आदराने, सांगितले: "ताई, आम्ही चालू वर्षाचं बघतो, हे मागचं झालं." त्यांच्यापुढे त्या दिवशी दोनशे पुस्तकांची यादी होती आणि पैसे चाळीस पुस्तकांचे होते.

हे पैशांचे गणित आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. राज्यात सुमारे १२,००० सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या, "ड" वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये परिरक्षण अनुदान मिळते. त्यातले निम्मे पगाराचे धरले तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला १,२५० रुपये येतात, आणि उरलेल्या निम्म्यात वीज, वर्तमानपत्रे, कपाटे आणि पुस्तके. अशाच एका लहान ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाईंनी २०२० च्या ऑक्टोबरात दार उघडल्यावर, आलेले प्रत्येक पुस्तक तीन दिवस वेगळ्या टेबलावर ठेवले, त्यावर तारखेची चिठ्ठी लावली, आणि रांगेत उभे राहणे झेपत नाही अशा म्हाताऱ्या सभासदांची पुस्तके संध्याकाळी घरी जाताना स्वतः पोचवली. वर्गणी थकलेल्यांचीसुद्धा. एवढ्या तुटपुंज्या रकमेत त्या जे करतात ते पाहिल्यावर अधिक पुस्तके घ्या असे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून मी आपल्याकडे आले आहे.

माझे म्हणणे असे की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या प्रथमावृत्तींसाठी शासनमान्य ग्रंथांची एक पुरवणी यादी करावी, तीसाठी प्रकाशकांकडून पुस्तके पुन्हा मागवावीत, आधी पाठवायची राहून गेलेलीही घ्यावीत, आणि त्या यादीतून खरेदी करण्यापुरती वेगळी रक्कम ग्रंथालयांना एकदा द्यावी, जेणेकरून त्यांच्या नेहमीच्या अनुदानाला हात लागणार नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनेतून यातला काही भार उचलता येईल का, हे आपण पाहू शकाल. राज्यातल्या दहांतल्या एका ग्रंथालयाने एक प्रत घेतली तरी १,२०० प्रती होतात. माझ्या चौथ्या कादंबरीची सगळी आवृत्ती त्याच्या पाव हिश्श्याइतकी आहे. ग्रंथालये उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आणि मंडळ मराठी भाषा विभागाकडे, अशी पुस्तकांची वाटणी झालेली असल्यामुळे हे पत्र मी दोन्हीकडे पाठवीत आहे. पुस्तकाला मात्र आपण कुठल्या विभागाचे ते माहीत नसते.

पुरस्कारांचा उल्लेख मी सुरुवातीला केला, पण ते देऊन झाले आहेत आणि ज्यांना मिळाले ते योग्यच होते. तो विषय मी सोडून देते. शाईवरचा कर गेल्याच महिन्यात १२ टक्क्यांवरून १८ वर गेला, पुस्तकावर कर नसल्यामुळे तो भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही आणि शेवटी किमतीत शिरतो, हेही आपल्या हातातले नाही. अपवाद एकदा केला की रांग लागेल, अशी शंका आपल्यापैकी कुणाला येईल. ती रांग मोजण्याजोगी आहे. दोन वर्षांची प्रथमावृत्तीची मराठी पुस्तके किती, याची नोंद काढणे अवघड नाही. त्यांतली बरीच सुमार असतील, माझी धरून. निवड समितीने ती वाचून नाकारली तर माझी काहीच तक्रार असणार नाही. न वाचता, वर्ष पाहून बाजूला ठेवली जाणे तेवढे टळावे.

या पत्रासोबत दोन्ही पुस्तकांची प्रत्येकी एक प्रत पाठवीत आहे. तिसऱ्या कादंबरीच्या पाठवलेल्या प्रतीचा शेवटचा फर्मा ओलीने किंचित पिवळा आहे. त्याहून चांगली प्रत माझ्याकडे नाही. चौथीत पान १७७ पासून पुढे सापडल्या तेवढ्या चुका मी हिरव्या शाईने समासात दुरुस्त केल्या आहेत. पान १७७ वरचा रेघ मारलेला शब्द "तरफ" असा छापला गेला आहे. तो "तरफा" असा वाचावा. सतारीच्या मुख्य तारांखाली ज्या बारीक तारा असतात, त्या.

आपली विश्वासू,
मिरजेची एक कादंबरीकार